एकशे अठरा नंबर, कुठला क्रॉस?

अण्णा, तुम्ही लबाड होतात. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण मला ते कळलंच तुमच्या तेराव्याला. येलहंक्याच्या तुमच्या घरात मी खाली सतरंजीवर बसले होते, वहिनींनी दिलेली कॉफी हातात होती, आणि तुम्ही समोर टेबलावर फोटोत होतात. चेहरा असा, की जणू काही केलंच नाही.

तीन वर्षं मी तुम्हांला चिडवलं. "काय अण्णा, पोचली की नाही चिठ्ठी क्रॉस न विचारता?" आणि तुम्ही दरवेळी चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचात, "पोचली की गं, पोचली." एकदाही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सगळ्या ऑफिसला वाटायचं, या पुणेकरणीनं अण्णांना एकदा तरी हरवलं. मलाही तेच वाटायचं. मी तर त्यावर जगत होते म्हटलं तरी चालेल.

त्या चिठ्ठीची गोष्ट तुम्हांला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. पुण्यातली नोकरी भांडून सोडून मी बंगलोरला आले, तेव्हाचा पहिला दिवस. तुम्ही माझ्या हातात एक पाकीट ठेवलंत. "एकशे अठरा नंबरला देऊन ये. इथंच आहे इंदिरानगरात." मी निघाले. दुपारपर्यंत मला तीन एकशे अठरा सापडली. एकात दातांचा डॉक्टर, एकात कुत्रं, तिसऱ्यात एक आजी, जिनं मला कन्नडमध्ये भरपूर काहीतरी सांगितलं आणि ताक पाजून परत पाठवलं. मी लालबुंद होऊन ऑफिसात आले तर तुम्ही चुरमुरे खात बसला होतात. "कुठला क्रॉस ते विचारलं नाहीस की!" बंगलोरात आडव्या गल्लीला क्रॉस म्हणतात, हे मला कुठं माहीत! मी म्हटलं, "नंबर दिला होतात ना तुम्ही!" त्यावर तुम्ही म्हणालात, "नंबर काय, सगळ्या गल्लीत असतोय." पाकीट उघडलं तर आत कोरा कागद. तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता, की त्याच संध्याकाळी परत जायचा विचार केला होता.

गेले नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सीडी दाखवलीत.

आपण तेव्हा कॉलेजांसाठी एक सीडी बनवत होतो. फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. कोऱ्या मशिनमध्ये सीडी घातली की सगळं आपोआप बसलं पाहिजे. उत्तर कर्नाटकातल्या लहान गावांतली कॉलेजं, जिथं इंटरनेट सोडा, फोन धड लागत नाही. सीडीत मावतात साडेसहाशे एमबी आणि आपलं सामान झालं होतं सातशेच्या वर. साहेब म्हणाले, मदतीची पानं काढून टाका, ती कोण वाचतं? तुम्ही आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. "तिथल्या मास्तराला विचारायला कोण आहे? तेवढी पानंच आहेत की त्याला!" साहेब म्हणाले, ठेवा मग. पण पानं ठेवायची तर जागा कुठून आणायची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही मला बोलावलंत. प्रिंटरच्या कागदाच्या मागच्या बाजूला दोन नावं लिहिलीत, दोन्हींपासून बाण काढले आणि एकाच चौकोनात नेले. म्हणालात, हार्ड डिस्कवर पुष्कळ फाइलींना दोन-दोन, तीन-तीन नावं असतात. त्यांना लिंक म्हणतात. फाइल एकच, नावं वेगळी. "घरात बाळू म्हणतात, शाळेत बाळासाहेब म्हणतात. कुठल्याही नावानं हाक मारली तरी येणारा माणूस एकच न्हवं? मग आपला हा प्रोग्रॅम सीडीवर दोन माणसं कशाला झोपवतोय?" सीडीची इमेज, म्हणजे जिच्यावरून सीडी लिहायची तो साचा, बनवणारा तो प्रोग्रॅम प्रत्येक नावासाठी फाइल नव्यानं लिहीत होता. तुमचं म्हणणं, दुसरं नाव आलं की मजकूर पुन्हा लिहायचाच नाही. सीडीच्या यादीत फक्त मांडायचं, की या नावाचा माणूसही त्याच जागी झोपलाय.

मी म्हटलं, सीडी असं खपवून घेईल? तुम्ही म्हणालात, "बघू या की."

सोनेरी कोरी सीडी लिहून बाहेर आली तेव्हा ती गरम होती. मी ती मशिनमध्ये घातली, फाइलींची यादी काढली आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. सातशे वीस. पुन्हा केली. सातशे वीस. साडेसहाशेच्या सीडीत सातशे वीस! सगळ्या फाइली उघडत होत्या, सगळी मदतीची पानं जागेवर होती. अण्णा, माझ्या अंगावर काटा आला. मी इंजिनीअर, मला कारण माहीत होतं, तुम्ही आदल्या दिवशी बाण काढून समजावलं होतं, तरीसुद्धा. मी तुमच्याकडे वळून म्हटलं, "हे खोटं वाटतं हो." तुम्ही म्हणालात, "मलाबी." आणि आपण दोघंही बराच वेळ त्या यादीकडे बघत बसलो. तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक आहे, राहू इथे.

तो पहिला प्रयोग तुम्ही हातानं जुळवून केला होता. खरा प्रोग्रॅम लिहायचं काम मला दिलंत, आणि तिथंच आपलं बिनसलं. डिस्कवर प्रत्येक फाइलीला एक नंबर असतो. दोन नावांचा नंबर एकच निघाला, तर ती एकच फाइल. मी मेमरीत त्या नंबरांची एक वही ठेवायचं ठरवलं. तुम्ही खुर्चीमागे उभं राहून म्हणालात, "नंबराशेजारी डिस्क कुठली तेबी लिही."

"डिस्क एकच आहे आपली."

"आज एक हाय."

"मेमरी केवढीशी! त्यात हा जास्तीचा रकाना कशाला?"

"एकशे अठरा नंबर, कुठला क्रॉस?"

बस्. त्या पाकिटाची आठवण काढलीत आणि माझं डोकं फिरलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा माझा जुना रोग. सगळ्या ऑफिससमोर मी म्हटलं, "माझी ओळ चुकीची निघाली तर शुक्रवारच्या गाडीनं पुण्याला परत जाईन. पुन्हा तोंड दाखवणार नाही." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुण्यातली नोकरी मी अशाच एका शब्दापायी सोडली होती आणि ते फक्त तुम्हांला माहीत होतं. तुम्ही कन्नडमध्ये नुसतं "सरी", ठीक आहे, म्हणालात आणि आपल्या टेबलाकडे गेलात.

त्याच आठवड्यात डिस्क भरली. मी कपाटातून जुनी डिस्क काढली, जोडली आणि निम्म्या फाइली तिकडे हलवल्या. माझ्या या हातांनी. आता दोन गल्ल्या झाल्या होत्या, दोन्हींत एकशे अठरा असू शकत होता, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आपणच बोललेलं माणूस इतक्या लवकर कसं विसरतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग तुमचं ते कागदावरून चालणं. सीडीवरच्या सगळ्या नावांची आणि बाणांची यादी तुम्ही छापायचात. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच्या लांब कागद हॉलपासून पॅसेजमधून थेट बाल्कनीपर्यंत अंथरायचात आणि चपला बाहेर काढून त्याच्यावरून चालायला लागायचात. हातात लाल पेन्सिल. एक पाऊल, दहा ओळी. साहेबांकडे आलेली माणसं जिन्यात खोळंबायची. कुणीतरी म्हणायचं, अण्णांची प्रदक्षिणा चाललीय, स्वल्प थांबा. मी पहिल्यांदा हसले होते. मग पॅसेजच्या मध्यावर तुम्ही थांबलात, वाकलात आणि हजारो ओळींतल्या एका ओळीला लाल खूण केलीत. "हा बाण घराबाहेर जातोय." मी येऊन पाहिलं. खरंच, ती दुसऱ्या जातीची, फाइलीचा नुसता पत्ता सांगणारी लिंक सीडीतल्या फाइलीकडे जायच्या ऐवजी आपल्याच ऑफिसच्या मशिनवरच्या फाइलीकडे जात होती. आपल्याकडे सीडी तपासली असती तर ती दरवेळी चालली असती, कारण ती फाइल आपल्या घरात होतीच. मास्तराच्या गावात मात्र तो बाण हवेत गेला असता. तुम्ही ते चालता चालता पाहिलंत! मी तिथंच, कागदाच्या कडेला, हात टेकले.

पण माझी चूक त्या कागदावर दिसण्यासारखी नव्हती. नावं बरोबर होती, बाण बरोबर होते. नावामागचा माणूसच बदलला होता, आणि ते कागद कसा सांगणार?

म्हणून तुम्ही होसकोट्याला जायचात. शनिवारी बसनं, पिशवीत सीडी आणि डबा घेऊन, मित्राच्या कारखान्यातल्या ऑफिसात. मला वाटायचं, घरचा कंटाळा आला की जात असतील. परतलात की सोमवारी "झालं, पाठवा" एवढंच म्हणायचात. त्याही सोमवारी तेवढंच म्हणालात. मास्टर, म्हणजे मूळ सीडी, कारखान्यात छापायला गेली, सीड्या छापून आल्या, कॉलेजांत पोचल्या, चालल्या. मी साऱ्या ऑफिसला पेढे वाटले. तुम्ही दोन खाल्लेत.

तेराव्याला माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, डोळे रडून सुजलेले. त्यांनी विचारलं, "पुण्याची तूच न्हवं?" त्या सावित्रक्का. होसकोट्याच्या त्या कारखान्यात पत्रं टाइप करतात, मूळच्या तुमच्याच निपाणीकडच्या. तुम्ही सीडी त्यांच्यासमोर ठेवायचात, हे मला तेव्हा कळलं.

"मला मशिनमधलं काय येतंय? पत्रं मारायची तेवढं," अक्का सांगत होत्या. "म्हणूनच मी पायजे होते त्यांना. एक कोरं मशीन समोर ठेवायचे, सीडी द्यायचे आणि मागं स्टुलावर बसायचे, दोन्ही हात मांडीखाली घालून. मध्ये बोलायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. म्हणायचे, मी इथं न्हाई असं समज, अक्का. मी कितीबी चुकू दे, बसून राहायचे. माझ्यामुळं किती येळा घामाघूम झालेत बिचारे!"

आणि मग त्या शनिवारचं सांगितलं. सगळं नीट बसलं. पुढं काय करायचं ते अक्कांना कळेना, म्हणून त्यांनी मदतीचं पान मागितलं. पान आलंच नाही. मशिननं विचारलं, डिस्क पुसून टाकू का, हो की नाही?

"मला वाटलं, मशीन विचारतंय म्हणजे बरोबरच असणार. 'हो'वर बोट नेलं आणि तुझ्या अण्णांनी मागनं माझा हात धरला. कधी न्हाई ते. चेहरा पांढरा पडला हुता. मग एकटेच हसायला लागले. म्हणाले, पोरीनं चिठ्ठी दुसऱ्या क्रॉसला टाकली की. मला काय कळंना. मग म्हणाले, अक्का, हे तिला कधी सांगायचं न्हाई. ती शब्दाची पक्की हाय, उठून जाईल. मी कुणाला सांगिटलं न्हाई बघ. आता सांगिटलं तर चालतंय न्हवं? आता कुठं जातीस तू?"

मी कॉफी खाली ठेवली. मला रडू आलं की हसू, ते मलाच कळलं नाही. वहिनी धावत आल्या. निघताना त्यांनी तुमच्या कागदांचं एक बाड माझ्या हातात दिलं. "हे ऑफिसचं दिसतंय, तूच घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधून माझी सीडी काढली. माझ्या प्रोग्रॅमनं बनवलेली पहिली, आठवण म्हणून जपलेली, सोनेरी. शेजारी छापून आलेली ठेवली. दोन्हींतल्या फाइली एकेक करून ताडून पाहिल्या. तीन फाइली वेगळ्या निघाल्या. त्यातली एक मदतीचं पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची. त्याला दोन नावं होती, तो मी हलवलेल्या दुसऱ्या डिस्कवर होता. आणि पहिल्या डिस्कवर अगदी त्याच नंबराचा प्रोग्रॅम होता, डिस्क पुसून नव्यानं मांडणारा, त्यालाही दोन नावं. माझ्या वहीनं नंबर पाहिला, गल्ली विचारली नाही, आणि मदतीच्या दारात पुसणाऱ्याला आणून उभा केला. ज्या मदतीसाठी तुम्ही साहेबांवर आवाज चढवलात, तीच मागणाऱ्या मास्तराची डिस्क मी पुसायला निघाले होते.

बाडात माझ्या प्रोग्रॅमची छापील प्रत होती. माझ्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं जास्तीचा रकाना काढलेला आणि शेजारी तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, "क्रॉस पण." तुम्ही रविवारी एकटे ऑफिसात येऊन ते सगळं दुरुस्त केलंत, नवी सीडी बनवलीत आणि सोमवारी येऊन माझे पेढे खाल्लेत. दोन!

आता मला सगळं उलगडतंय आणि त्याचा त्रास होतोय. त्यानंतरची प्रत्येक इमेज तुम्हीच तुमच्या मशिनवर, तुमच्याकडच्या दुरुस्त प्रोग्रॅमनं बनवायचात. मला जवळ येऊ द्यायचा नाहीत. "तू मोठी कामं कर, ही हमाली माझी." मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही. दोन महिन्यांपूर्वी मी तुमच्यावर ओरडलेदेखील. "अजून शिकाऊच समजता का मला?" तुम्ही "न्हाई गं" म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. ते आपलं शेवटचं भांडण. मला ते परत घ्यायचं आहे आणि परत घ्यायला समोर कुणी नाही.

पण थांबा, मलाही राग आहे. सांगायचं होतं ना! ऑफिसात नवीन आलेल्या दोघांना मी छाती पुढे काढून शिकवलं, की डिस्कचा नंबर लिहायची गरज नसते, आणि तुम्ही पलीकडे बसून नुसते खोकलात. "आता तुझ्याकडं दोन डिस्का हायत की गं?" असं एकदा सहज विचारलं होतंत, ते मला आठवतंय. मी "हो, मग?" म्हटलं आणि कीबोर्डकडे वळले. तुम्ही दार उघडून धरलं होतंत, मीच आत आले नाही. तरी दुसऱ्यांदा विचारायचं होतंत. तिसऱ्यांदा विचारायचं होतंत. मी गेले असते, हे खरं आहे. मूर्खपणानं का होईना, शुक्रवारी गाडीत बसले असते, आणि पुण्यात आयुष्यभर सांगत राहिले असते की बंगलोरची माणसं कशी वाईट. तुम्ही मला ओळखलं होतंत. एखाद्याचं वाकडेपण इतकं नीट ओळखायचं आणि त्याला धक्का न लावता त्याची चूक तेवढी काढून घ्यायची, हे माणसाला कसं जमतं? साडेसहाशेत सातशे वीस मावलेले पाहून मी जशी बघत बसले होते, तशी चार दिवस तुमच्या त्या लाल रकान्याकडे बघत बसते आहे. त्याचं कारण मला माहीत नाही, एवढाच फरक.

त्या दोन नवीन मुलांना काल बोलावलं. म्हटलं, मी शिकवलं ते चूक होतं, डिस्कचा नंबर लिहायचा, आणि का ते सांगते. सगळं सांगितलं, पैजेसकट. एकानं विचारलं, "मग मॅडम, तुम्ही आता जाणार?" फाजील कुठला.

नवी सीडी पुरी करायची होती, तुम्ही अर्धी ठेवून गेलेली. माझ्या प्रोग्रॅममध्ये रकाना मी माझ्या हातानं घातला. कागद हॉलपासून बाल्कनीपर्यंत अंथरला, चपला काढल्या आणि चालले. तुमच्यासारखं चालता चालता काही दिसलं नाही. मला गुडघ्यांवर बसून ओळीवर बोट ठेवावं लागलं. पॅसेजमध्ये साहेबांचे पाहुणे खोळंबले आणि मी त्यांना म्हटलं, स्वल्प थांबा. संध्याकाळपर्यंत मला एक बाण सापडला घराबाहेर जाणारा. एकच, पण सापडला.

अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, ये की, स्टूल तिथंच आहे. मी त्यांच्या मागं बसणार आहे, हात मांडीखाली घालून, तोंड बंद ठेवून. माझ्यासाठी ते किती अवघड आहे हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

पैज मी हरले, अण्णा. आज शुक्रवार आहे आणि मी गाडीत बसले आहे. मांडीवर पिशवी, पिशवीत सीडी आणि डबा. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, होसकोटे.